पूर कुणामुळे, यावर सगळे बोलतात. केव्हा, हे कोण सांगणार?

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा विषय २०२५ साली पुन्हा पेटला आणि दोन्ही बाजूंची ठरलेली भाषणे पुन्हा सुरू झाली. सांगली-कोल्हापूरचे म्हणणे असे की, अलमट्टीच्या फुगवट्यामुळे कृष्णा मागे तुंबते आणि आम्ही बुडतो. बेंगळूरचे म्हणणे असे की, महाराष्ट्र कोयनेतून बेसुमार पाणी सोडतो आणि चिकोडी, रायबाग, अथणी बुडतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांनंतर आपण हेच ऐकले. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या राजापूर बंधाऱ्यापासून कर्नाटकातल्या हिप्परगीपर्यंत कृष्णेच्या काठाने आणि वर निपाणी तालुक्यात वेदगंगा-दूधगंगेच्या काठाने जी माणसे राहतात, त्यांना या भाषणांतून काय मिळाले? पुढच्या जुलैत पाणी आपल्या गल्लीत कधी शिरणार, हे त्यांना दोघांपैकी एकानेही सांगितलेले नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. अलमट्टीचा निकाल काहीही लागो, सीमाभागातल्या नदीकाठाला नदीनिहाय, गावनिहाय आणि गावाला कळेल अशा भाषेतली पूर्वसूचना मिळालीच पाहिजे, आणि तिची जबाबदारी केंद्राने घेतली पाहिजे. देशभर इशारायंत्रणा उभारण्याचे काम सध्या जोरात आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ साली हाक दिली की २०२७ पर्यंत जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत आपत्तीचा इशारा पोहोचला पाहिजे. आपल्याकडे ‘मिशन मौसम’ला २०२४ साली २,००० कोटींची मंजुरी मिळाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणाली २०२५ साली सुरू झाली. हे सगळे चांगलेच आहे. पण या यंत्रणेची खरी परीक्षा दिल्लीतल्या पडद्यावर होणार नाही. दोन राज्ये, दोन भाषा आणि चार नद्या जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे होईल.

आधी आपल्या सीमाभागातला पूर कसा येतो ते नीट मांडायला हवे, कारण दूर बसून वाद घालणाऱ्यांना ते माहीत नसते. चिकोडी-निपाणीकडचा पूर पावसासोबत येत नाही. सदलगा, एकसंब्याला लख्ख ऊन पडलेले असते आणि दूधगंगा पात्राबाहेर आलेली असते. पाऊस पडलेला असतो महाबळेश्वरला, कोयनेच्या पाणलोटात, राधानगरीत, पाटगावला. पाटगावचे पाणी वेदगंगेतून गारगोटी, मुरगूडवरून निपाणी तालुक्यात उतरते. काळम्मावाडीचे दूधगंगेतून येते. राधानगरीचे भोगावती-पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि राजापूरवरून आपल्याकडे येते. मग बंधारे एकेक करून पाण्याखाली जातात: जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर. ही यादी सीमाभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पाणी आणखी चढले की यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गच बंद पडतो. तो २०१९ ला पडला आणि २०२१ लाही पडला.

आता हवामान खात्याचा इशारा कसा असतो तो पाहा. तो जिल्हानिहाय असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिजोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. बेळगाव जिल्हा १३,००० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्याच्या एका टोकाला कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात ढग हटत नाहीत. दुसऱ्या टोकाला अथणी, जिथे पाण्याची टंचाई नित्याची. या दोघांना मिळून एक रंग. आणि कुन्नूर-कारदग्याच्या शेतकऱ्याला ज्या रंगाचा खरोखर उपयोग आहे, तो बेळगाव जिल्ह्याचा नाहीच. तो कोल्हापूर जिल्ह्याच्या घाटमाथ्याचा आहे. आपल्या जिल्ह्याचा नकाशा हिरवा दिसत असताना आपले घर बुडू शकते, ही गोष्ट जिल्हानिहाय यंत्रणेत बसतच नाही.

लोकांनी यावर आपापली सोय केलेली आहे, आणि ती थक्क करणारी आहे. निपाणीकडची माणसे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पाहतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथे तोंडपाठ आहेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, सांगलीच्या आयर्विन पुलाखाली किती फूट पाणी आहे, नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झाले का, म्हणजे नदीचे पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून देवळाच्या दक्षिण दाराने बाहेर पडले का, यावरून माणसे जनावरे हलवायची की नाही ते ठरवतात. दुसऱ्या राज्यातल्या आकड्यांवर आपले जीवित सोपवून राहणारी ही माणसे अडाणी नाहीत. आजवर सरकारने जे करायला हवे होते, ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी स्वतः केले. मात्र त्यात एक मोठी अडचण आहे. कोल्हापूर फुटांत बोलते, केंद्रीय जल आयोग समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये बोलतो, कर्नाटकाचे प्रशासन क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि धरणे टीएमसीमध्ये (अब्ज घनफूट). ‘राजापूर बंधाऱ्यातून दोन लाख क्युसेक’ ही बातमी वाचून चिकोडी तालुक्यातल्या मांजरी गावच्या माणसाने काय समजायचे? त्याला एवढेच हवे असते की, पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागणार की गाभाऱ्यात जाणार, आणि आज रात्री की परवा सकाळी.

याच आकड्यावरून वाद किती चुकीच्या पायावर चालतो तेही दिसते. राजापूरचा विसर्ग म्हणजे कोयनेतून सोडलेले पाणी, असे कन्नड वाहिन्यांवर सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यात कोयना असते, वारणा असते, पंचगंगा असते आणि धरणांच्या खाली, मुक्त पाणलोटात पडलेला सगळा पाऊस असतो. तो पाऊस कुणी ‘सोडलेला’ नसतो. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या पुराची कारणे शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. सांगलीत हे कुणाला ऐकायचे नसते. दोन्हीकडे सोयीचे तेवढेच घेतले जाते आणि काठावरचा माणूस दोन्हीकडून वगळला जातो.

तरी विरोधी बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा मान्य करून पुढे जायला हवे. इशारा दिल्याने पूर कमी होत नाही. धरणे जुलैच्या मध्यावरच काठोकाठ भरून ठेवली, पूररेषेत बांधकामे होऊ दिली, पुलांचे भराव घालून नदीचा गळा आवळला, तर जगातली सर्वोत्तम पूर्वसूचनासुद्धा उसाचा एक फड वाचवणार नाही. आठवडाभर पाण्याखाली राहिलेला ऊस कुजतोच. बेळगाव शहराच्या कडेला बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातात शिरते, तिथे इशाऱ्याचा काय उपयोग? तिथे गाळ आणि अतिक्रमण काढणे हाच इलाज आहे. हे सगळे मला मान्य आहे. पण यातून ‘म्हणून आधी धरणांचा प्रश्न सोडवा, इशाऱ्याचे मग पाहू’ हा निष्कर्ष निघत नाही. धरणांचा प्रश्न कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादापासून म्हणजे अर्ध्या शतकापासून चालू आहे. तो सुटेपर्यंत दरवर्षी जुलै येणारच आहे. माणूस आणि जनावर वेळेत उंचावर नेणे हे कोणत्याही लवादाच्या निवाड्यावर अवलंबून नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो अधिकाऱ्यांच्या तोंडी नेहमी असतो: इशारे दिले होते, लोकच हलले नाहीत. यात तथ्य आहे. २०१९ साली कित्येक घरांतून माणसे हलली नाहीत, कारण त्यांच्याकडे २००५ चे माप होते. भिंतीवर २००५ ची खूण होती. त्याच्या वर पाणी येणार नाही असा भरवसा होता. आयर्विन पुलापाशी २००५ साली साधारण ५४ फूट पाणी होते, २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेले. बदलत्या हवामानात हाच खरा धोका आहे. भिंतीवरची जुनी खूण, जिच्यावर भरवसा होता, ती आता फसवते. अशा वेळी ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य कुणाला हलवणार? तो माणूस सतर्कच असतो, फक्त जुन्या खुणेपर्यंत. त्याला कुणीतरी अंगणात येऊन सांगायला हवे होते की यंदा पाणी त्या खुणेच्या तीन फूट वर येणार आहे. ते सांगण्याइतकी माहिती यंत्रणेत असू शकते. ती गावाच्या भिंतीपर्यंत उतरवण्याचे काम कुणाचे, हेच ठरलेले नाही.

वायनाडची आठवण इथे काढावी लागते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे तिथे दरड कोसळली, दोनशेहून अधिक माणसे गेली आणि दोन दिवसांत संसदेत वाद सुरू झाला. केंद्र म्हणाले, आम्ही २३ जुलैपासून इशारे देत होतो. राज्य म्हणाले, आम्हाला नारिंगी इशारा होता, ११५ ते २०४ मिलिमीटरचा; प्रत्यक्षात ४८ तासांत ५७२ मिलिमीटर कोसळला आणि लाल इशारा आला तो दरड कोसळल्यानंतर. दोघांकडे कागद होते. पण त्या उतारावरच्या माणसाला आदल्या संध्याकाळी ‘तुझे घर सोड’ असे नेमके कोण म्हणणार होते, याचे उत्तर दोन्ही कागदांत नव्हते. पुण्याने हे १९६१ साली भोगले आहे. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले. भिंत धोक्यात आहे हे धरणावर असलेल्यांना आदल्या दिवशीच ठाऊक होते, जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. खाली शहरातली माणसे मात्र रोजच्या सकाळीसारखी कामाला लागली होती. माहिती होती, ती वेळेत खाली उतरली नाही. त्याला आता साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि आजही आपण इशारा काढणे आणि इशारा पोहोचणे यांत फरक करत नाही.

हा फरक ज्यांनी ओळखला त्यांचे काय झाले? आजच्या बांगलादेशात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, १९७० च्या नोव्हेंबरमधल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मेली. त्यावेळी इशारा नव्हता असे नाही. रेडिओवर तो दिला गेला होता. पण महिनाभर आधी असाच मोठा इशारा देऊन फारसे काही घडले नव्हते, म्हणून अनेकांनी दुर्लक्ष केले. खोट्या इशाऱ्यांमुळे लोकांचा विश्वास उडतो, हा आक्षेप घेणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर द्यावे. ते त्यांच्या बाजूचेच आहे. मात्र पुढे काय झाले तेही सांगावे. त्या देशाने इशारे कमी केले नाहीत. त्याने गावोगावी स्वयंसेवक नेमले, त्यांच्या हाती भोंगे दिले, धोका वाढेल तसा एक, दोन, तीन बावटे चढवण्याची पद्धत रुजवली, दरवर्षी सराव घेतला. जनावरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले. २००७ साली सिद्र हे भयंकर वादळ आले तेव्हा मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आत राहिली. तीही थोडी नाही, पण १९७० च्या शेजारी ठेवून पाहा. ओडिशानेही १९९९ साली सुमारे १०,००० माणसे गमावून हेच केले आणि २०१३ च्या फायलिनच्या वेळी सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले. बळी पन्नासच्या आसपास राहिले. या दोन्ही ठिकाणी गावात ओळखीचा माणूस इशारा देत होता, त्यामुळे एखादा इशारा चुकला तरी तो का चुकला हे विचारायला समोर कुणीतरी होते. विश्वास तिथून आला.

जनावरांच्या ओट्यांवर थोडे थांबतो, कारण आपल्याकडे पूरस्थितीत माणूस घर का सोडत नाही याचे निम्मे उत्तर गोठ्यात असते. दोन म्हशी आणि एक गाय हे ज्या घराचे रोजचे उत्पन्न आहे, त्या घराला तुम्ही काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात, बोलावता आणि तिथे वैरणीची सोय नसते. मग घरातली बाई-पोरे जातात आणि कर्ता पुरुष मागे राहतो. मळ्यातल्या वस्त्यांवर तर हे हमखास घडते. शेवटच्या घटकेला त्याला काढायला होडी न्यावी लागते, आणि घाईत, पुरात, भरलेल्या होडीचे काय होते ते सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टमध्ये उलटलेल्या होडीने दाखवले. इशारा देताना जनावरे कुठे न्यायची, तिथे वैरण कोण पुरवणार, हे त्याच वाक्यात सांगितले नाही तर तो इशारा अर्धाच आहे.

आता भाषेचा मुद्दा. तो टाळून सीमाभागाबद्दल लिहिणे खोटेपणाचे होईल. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे: इथल्या मराठी माणसाला कन्नड येते, बाजारात तो कन्नड बोलतो, मराठीतल्या सूचनेचा आग्रह म्हणजे १९६७ च्या महाजन अहवालाचा आणि २००४ च्या सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्याचा सीमावाद पुराच्या पाण्यात आणणे. पहिला अर्धा भाग खरा आहे. आपल्यातले बहुतेक जण कन्नड बोलतात आणि ते चांगलेच आहे. पण बोलणे आणि मोबाइलवर आलेला कार्यालयीन कन्नड मजकूर वाचणे यांत अंतर आहे. जी मावशी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, तिला ती लिपी वाचता येत नाही. आणि तो संदेश रात्री अकराला आला, मुलगा कामाला कोल्हापूरला असला, तर तिने कुणाला विचारायचे? केंद्रीय जल आयोगाचे पूरमाहिती देणारे ॲप २०२३ साली निघाले ते इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे सदलग्यातल्या कन्नड माणसालाही त्याचा उपयोग नव्हता आणि मराठी माणसालाही नव्हता. जिथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासूनचे केंद्राचेच धोरण आहे. पुराच्या सूचनेपेक्षा महत्त्वाची सूचना कोणती असू शकते? आणि हे एकतर्फी मागून चालणार नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड घरे आहेत, त्यांना महाराष्ट्राने कन्नडमध्ये इशारा द्यायला हवा. ही मागणी बेळगावच्या मराठी माणसानेच मोठ्याने केली तर ती राजकारण आहे असे म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

शिल्लक राहतो तो जबाबदारीचा प्रश्न. कर्नाटकाने जवळजवळ प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेले आहेत, ही देशात नाव घेण्यासारखी गोष्ट आहे. महाराष्ट्रानेही महसूल मंडळांत हवामान केंद्रे उभारली आणि कृष्णा खोऱ्यात नदीपातळीची क्षणोक्षणी नोंद घेणारी यंत्रणा बसवली. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या नेत्यांची बेंगळुरात भेट झाली, माहितीची देवाणघेवाण ठरली. महिनाभरातच पूर आला. अभियंत्यांमध्ये आकडे फिरले असतील. अंगणातल्या माणसापर्यंत ते उतरले नाहीत. राज्याराज्यांच्या सौजन्यावर हे काम सोपवण्यात धोका असा की, ज्या दिवशी पाणी सर्वांत जास्त असते त्याच दिवशी दोन्ही सरकारे एकमेकांवर सर्वांत जास्त रागावलेली असतात. कृष्णा आंतरराज्य नदी आहे. जल आयोगाची केंद्रे कुरुंदवाडलाही आहेत आणि सदलग्यालाही. तेव्हा राजापूर ते हिप्परगी या पट्ट्याचा, वेदगंगा-दूधगंगा आणि हिरण्यकेशी-घटप्रभेसह, एकच अंदाज एकाच कक्षातून, दोन्ही भाषांत निघाला पाहिजे. मलप्रभेचे तेवढे सोपे आहे: कणकुंबीपासून खानापूर, पुढे नविलुतीर्थ आणि रामदुर्ग, सगळे एकाच राज्यात. तिथे तर सबबही उरत नाही. नमुना म्हणून तिथूनच सुरुवात करता येईल.

आणि गावात करायचे काम फार खर्चाचे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते प्रत्येक गावात माणसांना ठाऊक आहे. त्या खुणा शाळेच्या, देवळाच्या, मशिदीच्या, पंचायतीच्या भिंतीवर रंगवाव्यात. राजाराम बंधाऱ्यावर किंवा आयर्विन पुलापाशी अमुक फूट म्हणजे आपल्या गावात कोणती गल्ली, हा तक्ता त्याच भिंतीवर, मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहावा. पाणी पोहोचायला किती तास लागतात तेही लिहावे. डंगोरा पिटणारे तळवार गेले, पण देवळावर आणि मशिदीवर भोंगे आहेत, दूध संघांची संकलन केंद्रे आहेत, आशा आणि अंगणवाडीच्या बायका घरन्‌घर ओळखतात. त्यांची नावे यादीत हवीत, त्यांना सराव हवा आणि त्या दिवसांचा मोबदलाही हवा. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तीन जिल्ह्यांच्या प्रशासनांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून धरणांचे विसर्ग ठरवायचे असतात. त्याच बैठकीत काठावरच्या प्रत्येक गावाचा हा तक्ता मंजूर व्हावा, त्यावर तिघांच्याही सह्या असाव्यात आणि तो ३१ मेच्या आत भिंतीवर लागलेला असावा.